ऑक्टोपॅडवर एन्व्हलपने आवाज घडवताना : किकपासून घुमटापर्यंत

चतुर्थी तोंडावर आली की गोव्यातल्या पॅडवाल्यांमध्ये, म्हणजे ऑक्टोपॅड हे काड्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य वाजवणाऱ्यांमध्ये, एकच विषय असतो : नवीन किट (आवाजांचा संच) कुणाकडे आहे? पेनड्राइव्ह फिरू लागतात. कुणीतरी मुंबईहून आणलेला साउंड म्हापशाहून फोंड्यापर्यंत पोचतो, आरतीला वाजतो, आणि बुवा मागे वळून म्हणतात, "अरे, तुझी ती किक जरा आवर. टाळ कुठे पडतोय तेच कळत नाही." किक म्हणजे पायाच्या मोठ्या ड्रमचा खालचा ठोका. पॅडवाला घाईघाईने दुसरं किट लावतो. तेही गडगडतं.

साउंडात सहसा खोट नसते. त्या ठेक्याला आणि त्या जागेला त्याचं शेपूट लांब पडत असतं, एवढंच. आवाजाचं तोंड किती टोकदार आणि शेपूट किती लांब, हे ठरवतो एन्व्हलप जनरेटर. तो मॉड्यूलमध्ये, म्हणजे पॅडचा आवाज काढणाऱ्या यंत्रात, या ना त्या नावाने असतोच. बऱ्याच ऑक्टोपॅडवर त्यातला फक्त 'डिके' दिसतो, ड्रम सिंथेसायझरवर सगळाच्या सगळा हाताशी असतो. ढीगभर किट गोळा करण्यापेक्षा हा एक मेनू नीट हाताळणं कितीतरी उपयोगाचं, असं माझं मत आहे. आणि ते एका बैठकीत जमण्यासारखं आहे.

## एन्व्हलप करतो काय

एन्व्हलपला स्वतःचा आवाज नसतो. पॅडवर काडी पडली की तो एक चढ-उतार सुरू करतो : शून्यावरून वर, मग परत खाली. हा चढ-उतार ज्या नॉबला जोडाल तो नॉब त्याप्रमाणे आपोआप फिरतो. व्हॉल्यूमला जोडला तर आवाज उठून विरतो. पिचला (सुराच्या उंचीला) जोडला तर सूर घसरतो. फिल्टरला (आवाजाचा वरचा किंवा खालचा भाग कापणाऱ्या नॉबला) जोडला तर आवाजाची धार उतरत जाते. एकाच ठोक्यात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या गतीने घडवायच्या, यालाच ड्रमचा आवाज घडवणं म्हणायचं.

बहुतेक यंत्रांवर याचे चार टप्पे असतात. अटॅक म्हणजे आवाज पूर्ण उंचीला पोचायला लागणारा वेळ. डिके म्हणजे तिथून खाली यायचा वेळ. सस्टेन म्हणजे कळ दाबून धरली असताना टिकणारी पातळी आणि रिलीज म्हणजे कळ सोडल्यावर विरण्याचा वेळ. चौघांत फक्त सस्टेन हा वेळ नसून पातळी आहे, तेव्हा त्याचे मिलिसेकंद शोधत बसू नका. 1960 च्या दशकात रॉबर्ट मूग यांच्या सिंथेसायझरमुळे एन्व्हलप जनरेटर रुळला. त्या यंत्रांना पेटीसारख्या कळा होत्या. बोट कळीवर आहे तोवर सूर, असा सगळा हिशेब.

ड्रमला तो हिशेब लागू होत नाही. पॅडखालचा पिझो सेन्सर एक छोटासा झटका देतो आणि मॉड्यूल त्यातून दोनच गोष्टी वाचतं : ठोका केव्हा पडला आणि किती जोरात पडला. किती वेळ धरून ठेवला हा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून ड्रमचा साउंड करायला बसलात की पहिलं काम सस्टेन शून्यावर नेण्याचं. उरतात अटॅक आणि डिके, आणि खरं काम तेवढ्यावरच होतं. 1981 मध्ये आलेल्या सिमन्सच्या षटकोनी पॅडवाल्या ड्रमवर टोन, नॉइज (सूर नसलेला 'स्स्स' असा खरखराट), बेंड, डिके असे मोजकेच नॉब होते, आणि तेवढ्यावर त्या दशकातली गाणीच्या गाणी वाजली.

## जोडणी, आणि एक खाच

शिकायला लॅपटॉप बरा, कारण पडद्यावर एन्व्हलपची रेघ दिसते. सर्ज एक्सटी हा सिंथेसायझर फुकट आणि मुक्त-स्रोत आहे, त्यावर पुढचं सगळं करता येतं. ऑक्टोपॅड यूएसबीने किंवा मिडी (वाद्यांनी एकमेकांना निरोप द्यायची पद्धत) केबलने जोडा. तुमच्याकडे ड्रम सिंथेसायझर असेल तर थेट त्यावर करा. नॉबची नावं थोडीफार बदलतील, गोष्ट तीच.

जनरल मिडी या ठरलेल्या क्रमांकांच्या यादीत किकचा नोट नंबर 36 आणि स्नेअरचा (तारा लावलेल्या कडक ड्रमचा) 38. ड्रम मॉड्यूलला तो फक्त 'कोणता ड्रम' हे सांगतो, पण सिंथेसायझरच्या दृष्टीने तो सूर असतो. 36 म्हणजे साधारण 65 हर्ट्झ. पाच सेमिटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन कळांमधलं अंतर म्हणजे एक सेमिटोन) खाली घेतलात की 49 हर्ट्झ, म्हणजे किकच्या पोटासाठी, खालच्या भरीव आवाजासाठी, चांगली जागा.

आता खाच. पॅड मिडीवर नोट सुरू झाल्याचा निरोप पाठवतं आणि थोड्या वेळाने स्वतःच नोट संपल्याचाही पाठवतं. या मधल्या वेळाला मेनूत 'गेट टाइम' म्हणतात. समजा गेट टाइम 100 मिलिसेकंद आहे आणि डिके 400 ठेवलाय. शंभराव्या मिलिसेकंदाला डिके अर्ध्यावर सुटतो आणि रिलीजचा अंमल सुरू होतो. रिलीज शून्य असेल तर आवाज कापल्यासारखा तुटतो, मग माणूस पॅडची केबल तपासत बसतो. उपाय सोपा : डिके जितका, तितकाच रिलीज ठेवा. मग नोट कधीही संपो, उतार सारखाच राहतो. यंत्रावर 'वन-शॉट' किंवा 'ट्रिगर' असा पर्याय असेल तर तो निवडा, मग हा प्रश्नच मिटला.

## किक : इथे घाई करू नका

एकच साइन ऑसिलेटर (साधा, गोल सूर काढणारा भाग) घ्या, बाकी सगळं बंद. सूर 49 हर्ट्झवर. व्हॉल्यूमचा अटॅक शून्य, डिके 300 मिलिसेकंद, सस्टेन शून्य, रिलीज 300. पॅड वाजवा. 'बूं' असा गोल, मऊ आवाज येईल. ड्रम म्हणावा असं त्यात काही नाही. फोनच्या स्पीकरवर तर तो ऐकूही येणार नाही.

दुसरा एन्व्हलप घ्या आणि तो पिचला जोडा. सर्जमध्ये फिल्टरचा एन्व्हलप मॉड्युलेशनसाठी मोकळा वापरता येतो. अटॅक शून्य, सस्टेन शून्य, डिके 40 मिलिसेकंद, आणि मात्रा (म्हणजे एन्व्हलपने सूर किती हलवायचा ते) 24 सेमिटोन. बारा सेमिटोनला सूर दुप्पट होतो, म्हणजे ठोका 196 हर्ट्झवर सुरू होऊन 40 मिलिसेकंदांत 49 वर उतरेल. परत वाजवा. आता तो किक आहे. कानाला सूर घसरल्याचं वेगळं जाणवतही नाही, 'काहीतरी आदळलं' असं वाटतं.

इथे थांबून फक्त या पिचच्या डिकेशी खेळा, बाकी कशाला हात न लावता. 10 मिलिसेकंदांवर नुसती टिचकी ऐकू येते, खालचं पोट वेगळं पडतं. 25 ते 50 मध्ये टिचकी आणि पोट एकजीव होतात. 100 च्या पुढे घसरण घसरण म्हणूनच ऐकू यायला लागते, आणि 200 वर 'प्यूंऽ' असा जुन्या व्हिडिओ गेममधल्या बंदुकीचा आवाज. मग डिके 40 वर परत आणा आणि मात्रा फिरवा. 12 सेमिटोनला किक मऊ, भजनाला चालण्यासारखी. 36 ला ठोका 392 हर्ट्झवरून सुटतो, टोकदार होतो आणि छोट्या स्पीकरवरही कळतो. माझा क्रम नेहमी हाच : आधी पिचचा डिके, मग मात्रा, व्हॉल्यूमचा डिके सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने गेलात तर पोट लांबवून टोकाची उणीव भरायचा मोह होतो, आणि गडगडाट नेमका तिथूनच येतो.

रोलंडच्या 1983 च्या टीआर-909 या ड्रम मशीनची किक छातीवर आदळते ती याच झटपट घसरणीमुळे. त्याआधीच्या, 1980 च्या टीआर-808 ची किक बरीचशी एकाच सुरावर रेंगाळते आणि डिके वाढवला की बेससारखी घुमत राहते. दोन्ही चांगल्या, पण आरतीच्या मागे 808 ची लांब किक लावणं म्हणजे भांडण ओढवून घेणं.

अटॅक शून्यावर ठेवायचा का? 49 हर्ट्झची एक पूर्ण लहर साधारण 20 मिलिसेकंदांची असते. अटॅक 2-3 मिलिसेकंद केला तरी लहर जवळपास तशीच राहते, फक्त सुरुवातीची टक् मवाळ होते. 10 च्या पुढे गेलात की ठोका उशिरा पडल्यासारखा वाटतो, आणि वाजवणारा नकळत घाई करायला लागतो. किकला शून्य ते 2, त्याहून जास्त नको.

ऑसिलेटरचं 'रीट्रिगर' चालू आहे का तेही पाहा. बंद असेल तर प्रत्येक ठोका लहरीच्या वेगळ्या जागेपासून सुरू होतो. एक ठोका टणक, पुढचा पोचट. हात बरोबर असूनही ठोके असमान वाटत असतील तर पहिला संशय इथे घ्या.

शेवटी हवी असेल तर नॉइजची बारीक टिकली : अटॅक शून्य, डिके 5 ते 10 मिलिसेकंद, पातळी इतकी कमी की बंद केल्यावरच तिची उणीव भासावी.

## उताराचं वळण

डिकेचा वेळ सारखा ठेवूनही दोन यंत्रांवर आवाज वेगळा लागतो, त्याचं कारण उताराची रेघ. सरळ रेषेतला उतार सुरुवातीला हटतच नाही, आवाज भरलेला राहतो आणि शेवटी अचानक संपतो. घातांकी उतार सुरुवातीला झपकन पडतो आणि मग पातळ शेपूट मागे ठेवतो. खऱ्या चामड्याचा, धातूचा आवाज दुसऱ्या प्रकारे विरतो : सारख्या वेळात सारखे डेसिबल कमी होत जातात. म्हणून वाद्यासारखा आवाज हवा असेल तर घातांकी वळण, आणि इलेक्ट्रॉनिक ठोसा हवा असेल तर सरळ.

डिकेचे आकडे सगळी यंत्रं एकाच मापाने दाखवत नाहीत. कुणी आवाज पूर्ण विरेपर्यंतचा वेळ धरतं, कुणी एका ठरावीक पातळीपर्यंतचा. या लेखातले आकडे सुरुवातीची जागा समजा, शेवटचा निवाडा कानाचा.

## स्नेअर, हॅट, टाळी

स्नेअर म्हणजे दोन आवाज आणि दोन स्वतंत्र एन्व्हलप. एक अंग सुराचं, 180 ते 200 हर्ट्झ, डिके 100-150 मिलिसेकंद, पिचची घसरण 5-7 सेमिटोन. दुसरं अंग नॉइजचं, खालचा भाग हाय-पास फिल्टरने कापलेला, डिके 150 ते 250. सर्जमध्ये हे दोन वेगळ्या सीनमध्ये (एकाच साउंडच्या दोन स्वतंत्र कप्प्यांत) ठेवून 'ड्युअल' मोडने एकत्र वाजवता येतात. नॉइज सुरापेक्षा लांब ठेवला तर तारा झणझणतात, आखूड ठेवला तर लाकडी डबा. दोघांना एकच एन्व्हलप लावला की सगळ्यात कंटाळवाणा स्नेअर तयार.

हाय-हॅटला (पायाने उघड-बंद होणाऱ्या झांजांच्या जोडीला) बंदसाठी 40-80 मिलिसेकंद, उघड्यासाठी 300-600. दोन्ही एकाच म्यूट ग्रुपमध्ये टाका, म्हणजे बंद हॅट वाजला की उघड्याचं शेपूट तिथेच तुटेल. टाळीला मात्र एक एन्व्हलप पुरत नाही. पुष्कळ हात कधीच एकदम पडत नाहीत. 808 वरची टाळी नॉइजच्या लागोपाठच्या अगदी जवळजवळच्या ठोक्यांनी सुरू होते आणि मग शेपूट सुटतं. तुमच्या यंत्रात असा रिपीट एन्व्हलप नसेल तर दहा-दहा मिलिसेकंदांवर तीन आखूड नॉइज आणि चौथा लांब, असं लॅपटॉपवर जुळवून फाइल करा.

## घुमट : इथे खरी मजा

गोव्यात आरती म्हटली की घुमट आणि शामेळ (काड्यांनी वाजवायचं तालवाद्य) आलेच. घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. घोरपडीला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण असल्याने आता बकऱ्याचं लावतात. राज्य सरकारने 2019 साली घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. ऑक्टोपॅडवर घुमट वाजवून खऱ्या घुमटकाराची जागा घ्यावी असं मी अजिबात म्हणणार नाही. पण नाटकाच्या पार्श्वसंगीताला, रेकॉर्डिंगच्या कच्च्या आराखड्याला किंवा नुसतं कान तयार करायला याच्याइतका चांगला धडा दुसरा नाही, कारण घुमटकाराचा डावा हात हा चालताबोलता एन्व्हलप आहे. उजवा हात कातड्यावर बोल काढतो, आणि डावा तळवा मागचं तोंड झाकतो, उघडतो. तोंड झाकलं की आतल्या हवेचा सूर खाली उतरतो आणि धार मावळते, तळवा सरकला की सूर वर उचलला जातो.

आधी नमुना घ्या. वादकाला सांगून एक उघडा ठोका, एक झाकलेला, एक झाकून लगेच उघडलेला आणि एक काठावरचा, असे सुटे ठोके फोनवर रेकॉर्ड करा. प्रत्येक ठोका पूर्ण विरू द्या. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, तेव्हा वादकाने घुमट शेकून घेतल्यावरच रेकॉर्ड करा, नाहीतर सैल कातड्याची नक्कल होईल. फाइल ऑडॅसिटीत उघडा आणि एक ठोका पडदाभर मोठा करा. तीन गोष्टी वाचायच्या : पहिल्या टोकापासून आवाज जवळपास सपाट होईपर्यंत किती मिलिसेकंद, सुरुवातीचा खरखरीत भाग किती रुंद, आणि लहरींमधलं अंतर पुढे वाढतंय की घटतंय. अंतर घटत असेल तर सूर वर चढतोय. ॲनालाइझ मेनूतलं प्लॉट स्पेक्ट्रम मुख्य सुराचा आकडा देईल. प्रत्येक घुमटाचा आकडा वेगळा. उदाहरणापुरते 110 हर्ट्झ धरू.

उघड्या ठोक्यासाठी साइन आणि त्यात थोडा ट्रँगल, सूर 110 वर. व्हॉल्यूमचा अटॅक 1 मिलिसेकंद, डिके तुम्ही मोजलेला, वळण घातांकी. किकसारखी मोठी घसरण इथे नको, 2-3 सेमिटोन आणि 20 मिलिसेकंद पुरे. कातड्यावर बोट पडल्याचा तेवढाच भास हवा. बोटाच्या आवाजासाठी नॉइज, बँड-पास (फक्त मधला पट्टा सोडणाऱ्या) फिल्टरमधून, डिके 8-12 मिलिसेकंद.

'झाकून उघडलेला' ठोका हा मुख्य मुद्दा. इथे पिचचा एन्व्हलप उलटा लावायचा : मात्रा उणे 4 सेमिटोन, अटॅक शून्य, डिके 90 मिलिसेकंद. ठोका चार सेमिटोन खालून, साधारण 87 हर्ट्झवरून सुरू होतो आणि 110 वर चढतो. त्याच एन्व्हलपने लो-पास (वरचा भाग कापणारा) फिल्टरही उणे दिशेने हलवा, म्हणजे आवाज बंद सुरू होऊन मोकळा होईल. 'धुम' चा 'धुवांव' होतो तो याच दोन गोष्टींनी. व्हॉल्यूमचा डिके या ठोक्याला थोडा लांब लागतो, नाहीतर सूर वर पोचेपर्यंत आवाजच संपलेला असतो. पुष्कळांचं गाडं इथेच अडतं : पिचमध्ये बदल केलेला असतो, पण तो ऐकू यायला व्हॉल्यूम शिल्लक नसतो.

यापुढे जायचं तर डावा हात पेडलवर आणा. हाय-हॅटचं पेडल मिडीवर साधारणपणे कंट्रोल चेंज 4 पाठवतं. ते सिंथेसायझरमध्ये पिच आणि फिल्टर या दोघांना जोडा : पेडल दाबलं की सूर 4 सेमिटोन खाली आणि आवाज बंद, सोडलं की मोकळा. आता तोंड केव्हा उघडायचं हे पाय ठरवेल आणि प्रत्येक ठोका वेगळा येईल. सुरुवातीला पाय आणि हात भांडतात. संथ लयीत, फक्त समेवर पाय सोडायचा, असा सराव करा.

काठावरचा बोल दुसऱ्या पॅडवर द्या : सूर वर, डिके 50-60 मिलिसेकंद, नॉइज जास्त. शामेळाला काड्यांचा कडक ठोका हवा, त्यामुळे पिचची घसरण अजिबात नको आणि नॉइजचा डिके सुरापेक्षा आखूड. कांसाळ्यांची (झांजांची) नक्कल करायला बसू नका. ती खरीच वाजवा, एक जोडी पिशवीत मावते.

## जोर : हळू आणि जोरात यांत फक्त आवाजाचा फरक नसतो

व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, बहुतेक किटमध्ये फक्त व्हॉल्यूमला जोडलेली असते. म्हणून पॅड 'मशीनी' वाटतं. चामड्यावर जोरात मारलं की ते क्षणभर जास्त ताणलं जातं, त्यामुळे सुरुवातीचा सूर वर जातो आणि वरचे स्वरही जास्त उमटतात. तेव्हा व्हेलॉसिटी थोडी पिच-एन्व्हलपच्या मात्रेला आणि थोडी फिल्टरच्या एन्व्हलपला जोडा. किकमध्ये हलक्या ठोक्याला 12 आणि पूर्ण जोराला 24 सेमिटोन असा पल्ला बरा वाटतो. डिकेलाही जरा जोडता येते, पण बेतानेच. फिल्टरचा डिके व्हॉल्यूमच्या डिकेच्या निम्मा किंवा त्याहून कमी ठेवा, कारण खऱ्या वाद्यात वरचे स्वर आधी विरतात.

## ठेक्याचा हिशेब

60,000 ला लयीच्या बीपीएमने (मिनिटाला पडणाऱ्या मात्रांनी) भागा, तालाच्या एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. 96 च्या लयीला 625, 120 ला 500. किकचं शेपूट पुढच्या ठोक्याआधी संपावं ही किमान अट. मध्ये टाळ, तबला, पखवाज असतील तर मात्रेच्या निम्म्यात संपलेलं बरं.

याचं टोकाचं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. हणजुणे-वागातोरच्या पार्ट्यांमधून वाढलेल्या गोवा ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची लय साधारण 140-150 बीपीएम असते. 145 ला एक मात्रा 414 मिलिसेकंदांची आणि तिचा चौथा भाग जेमतेम 103. किक मात्रेवर पडते आणि उरलेल्या तीन भागांत बेस धावतो. म्हणजे किकला शंभरेक मिलिसेकंदांत टोक, पोट सगळं आटपून जागा सोडावी लागते. ती 180 ची केलीत तर बेसचा पहिला स्वर तिच्याखाली चिरडतो आणि सगळी धाव गढूळ होते. संगीत आवडो न आवडो, या हिशेबासाठी ते एकदा लक्ष देऊन ऐकण्यासारखं आहे.

## जागा बदलली की डिके बदला

घरी हेडफोनवर केलेलं किट देवळात चालेलच असं नाही. हेडफोनला खोली नसते. सभामंडपाला गुळगुळीत फरशी, उंच छत आणि दगडी भिंती असतात, म्हणजे शेपूट तुम्ही द्या न द्या, जागा देतेच. अशा ठिकाणी मी सगळ्या पॅडचे व्हॉल्यूम-डिके तिसऱ्या हिश्श्याने कमी करून सुरुवात करतो आणि रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) बंद ठेवतो. शिगम्याच्या मिरवणुकीत, रस्त्यावर, उलट. तिथे परतून यायला भिंतच नसते, आखूड आवाज सुकतो, म्हणून डिके वाढवा आणि पिचची मात्राही, म्हणजे ढोल-ताशांच्या गदारोळात टोक वर निघेल. नाट्यगृहात श्रोते आल्यावर आवाज आणखी कोरडा होतो, तेव्हा रिकाम्या सभागृहातल्या चाचणीवर सगळं ठरवून टाकू नका. एकाच किटच्या 'मंडप', 'रस्ता', 'रंगमंच' अशा तीन प्रती साठवा, किटच्या नावातच तसं लिहा. ऐन वेळी पॅरामीटर शोधण्यापेक्षा किट बदलणं सोपं.

तुमच्या पॅडवर फक्त 'डिके' आणि 'पिच' एवढंच असेल, तरी हा भाग पूर्ण करता येतो. बाहेरची फाइल चढवता येत असेल तर लॅपटॉपवर घडवलेला ठोका 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट वेव्ह फाइल करून घ्या. फाइलच्या सुरुवातीची शांतता मात्र अगदी टोकापर्यंत कापा. वीस मिलिसेकंदांची रिकामी जागा राहिली तरी पॅड आळशी वाटतं.

## काही अडलं तर

ठोका एक आणि आवाज दोन येत असतील तर एन्व्हलप निर्दोष आहे. ट्रिगर सेटिंगमधला 'मास्क टाइम' (एका ठोक्यानंतर पॅडने दुसरा न ऐकण्याचा वेळ) वाढवा. एका पॅडवर मारल्यावर शेजारचं वाजत असेल तर 'क्रॉसटॉक'चं सेटिंग नीट करा. ही दोन्ही कामं साउंडला हात लावण्याआधी करायची.

ठोक्याच्या शेवटी टक् होत असेल तर डिके संपण्याआधी आवाज कापला जातोय. रिलीज वाढवा, किंवा यंत्राचे एकावेळचे आवाज पुरत नाहीत का ते पाहा. लांब शेपटांचे साउंड हे आवाज खाऊन टाकतात.

आणि भरभर रोल वाजवताना तडतड येत असेल, तर आधीचा ठोका अजून विरत असतानाच एन्व्हलप शून्यावर आपटून पुन्हा सुरू होतोय. काही यंत्रांवर तो 'आहे त्या पातळीवरून' उचलायचा पर्याय असतो, तो निवडा. नसेल तर अटॅक 1-2 मिलिसेकंद द्या किंवा त्या पॅडला दोन आवाज आलटून-पालटून लावा, म्हणजे पहिल्याचं शेपूट पूर्ण विरेल आणि दुसरा स्वच्छ सुरू होईल. घुमटाच्या जलद बोलांना ही आलटापालट विशेष शोभते. दोन्हींच्या पिचच्या डिकेत पाच-दहा मिलिसेकंदांचा फरक ठेवलात तर दोन बोटं आळीपाळीने पडताहेत असा भास होतो.